कपाटाशेजारची खुर्ची

ऑक्टोबरचं ऊन लवकर कलायला लागलं की आमच्या कॉलनीत दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात, स्वेटर आणि नट. स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास असतो, नटांना ऑफिसचा. कुणी बँकेतून, कुणी शाळेतून, कुणी सातपूरच्या कारखान्यातून सुटून वाटेत वडापाव खाऊन थेट आलेलं. दिवेलागणीला आमच्या शेजारच्या बंगलीसमोर स्कूटर लागायला लागतात, फाटकाची कडी वाजते, आणि आमचे हे स्वयंपाकघरातून मला म्हणतात, "चला, आलं बोलावणं. कुकर मी लावतो."

हा राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम. तिकडे मळ्यांतून द्राक्षांच्या छाटण्या उरकलेल्या असतात, इकडे हातगाड्यांवर पेरू आलेले असतात, सकाळी आम्ही जिला गंगा म्हणतो त्या नदीच्या बाजूला धुकं दिसायला लागतं, आणि शहरातल्या हौशी माणसांना एकाएकी पाठांतराची धास्ती पडते. वर्षभर ज्यांना स्वतःच्या बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही, ती माणसं दोन अंकांचं नाटक डोक्यात भरायला निघतात. मला या हंगामाची पूर्वी ओढ वाटायची. हल्ली पहिल्यांदा फाटकाची कडी वाजते तेव्हा ती ऐकलीच नाही असं दाखवावंसं वाटतं, आणि तसं कुणाला सांगताही येत नाही.

ती बंगली नाना-माईंची. खाली एक हॉल, आत एक खोली, त्यामागे स्वयंपाकघर, आणि पुढे पत्र्याची पडवी. कित्येक वर्षं आमच्या नाटकमंडळींच्या तालमी त्या हॉलमध्ये होत आल्या आहेत. हॉलच्या एका कोपऱ्यात लाकडी कपाट आहे, आणि कपाट व भिंत यांच्यामधल्या फटीत एक खुर्ची. नाना तिच्यावर बसून प्रॉम्प्टिंग करायचे. म्हणजे संहिता मांडीवर घेऊन, कुणी वाक्य विसरलं की त्याला हळूच आठवण करून द्यायची. फरशीवर चिकटपट्टीने रंगमंच आखलेला असतो, आणि तो थेट खुर्चीच्या पायांपर्यंत येतो. एकदा प्रवेश सुरू झाला की खुर्चीतल्या माणसाला उठून जाता येत नाही, कारण जायचं तर कुणाच्या तरी दुःखातून किंवा भांडणातून जावं लागतं. शिवाय शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद, आणि आवाज नीट यावा म्हणून पंखाही बंद. नानांना पुढे पुढे लघवीचा त्रास सुरू झाला होता, तरी ते अंक संपेपर्यंत गुडघे जुळवून बसून राहायचे आणि मग कुणाकडेही न बघता आत पळायचे. आम्ही हसायचो.

पुढे त्या खुर्चीवर मी बसायला लागले. आधी नाना गेले, पुढच्या उन्हाळ्यात माई. त्यांचा मुलगा मिलिंद हैदराबादला असतो. माईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्याने घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उषामावशी, हॉल मंडळाचाच आहे, वापरा. फक्त तालमीला रोज घरातलं कुणीतरी बसलेलं असू दे. तुम्ही असलात की मला काळजी नाही." पोराचे डोळे रडून सुजलेले होते. अशा वेळी माणूस काय म्हणणार? मी हो म्हणाले. घरातलं माणूस हा मोठा मान आहे, पण त्या मानाला बाहेरून कडी आहे हे मला दिवाळीनंतर कळलं.

नाटक त्या घरात शिरलं ते तसं अपघातानेच. आमची मंडळी एका शाळेच्या वर्गात तालीम करायची. परीक्षा आल्या, शाळेने वर्ग काढून घेतला. पोरं बिचारी कॉलनीच्या मैदानात उभी राहून घसा फोडत होती, आणि अवकाळीची सर आली तशी सगळी जवळच्या पडवीत घुसली. पडवी नानांची. नाना तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते, संध्याकाळी घरी येऊन पेपर वाचणारा सरळ माणूस. दार उघडून त्यांनी बघितलं तर पडवीत दोन भाऊ हाणामारीवर आलेले, आणि बाकीचे शांतपणे बघत उभे. खरोखरचं भांडण समजून नाना सोडवायला मधे पडले. खुलासा झाल्यावर इतके ओशाळले, की ओशाळेपणातच म्हणाले, "आत या मग. आत भांडा."

माईंनी चहा टाकला. गवती चहा घातलेला, जरा जास्तच गोड. दुसऱ्या दिवशी मंडळी परत आली ती चहासाठी की जागेसाठी, हे आजतागायत ठरलेलं नाही. पुढच्या वर्षापासून नवरात्र संपलं की नाना स्वतःच सोफा पडवीत नेऊन ठेवायला लागले. नटराजाची तसबीर हॉलमधल्या बुद्धमूर्तीशेजारी विराजमान झाली. मंडळी नारळ फोडायची, माई मूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या, आणि दोन्हींचा मिळून तालमीचा शुभारंभ व्हायचा.

पण दोन महिने ते दोघं राहायचे कुठे, हे मी शेजारी असून मला पुष्कळ उशिरा दिसलं. ते स्वयंपाकघरात राहायचे. नाना अंक संपल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवायचे. माईंची मालिका बुडायची. कुणाकडे साखरपुड्याला, कुणाच्या घरी बाळ बघायला जायचं राहून जायचं. माईंचं माहेर येवल्याचं. दिवाळी झाली की भाऊ एसटीने बहिणीला न्यायला यायचा, आणि माई त्याला चहा-चिवडा देऊन परत पाठवायच्या. एका वर्षी मी तिथेच होते. भाऊ पिशवी गुडघ्यावर ठेवून चिडून म्हणाला, "आक्का, दर साली तुझं हेच हाय. मला येवढं सांग, नाटक तुझं हाय का त्यांचं?"

माई हसल्या. म्हणाल्या, "माझ्या घरात चाललंय ना? मग माझंच की रे."

भावाने एकदा हॉलमधल्या गर्दीकडे बघितलं, एकदा गॅसवरच्या भल्या मोठ्या पातेल्याकडे बघितलं. "बरंय," म्हणाला, आणि शेवटच्या गाडीची वेळ बघून उठला.

तो हंगाम मला पक्का आठवतो, कारण माझी मुलगी त्या वर्षी दहावीला होती आणि मी तिच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचं सोडून नाटकात शेजारणीचं काम करत होते. सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने उसासे टाकायच्या. नाटक एका विधवा शिक्षिकेचं होतं. तिचा मुलगा तिला न सांगता राहतं घर विकायला काढतो. मुलगा झाला होता मंगेश, तोच दिग्दर्शकही. तेव्हा त्याला भरपूर केस होते आणि त्याहून भरपूर आत्मविश्वास. शिक्षिकेचं काम करणाऱ्या बाईंची स्कूटर द्वारका चौकात घसरली, आणि स्पर्धा तोंडावर असताना पाय प्लास्टरमध्ये गेला.

आमच्याकडे कुणी गैरहजर असलं की त्याची वाक्यं माई म्हणत. हा रिवाजच होता. त्यांना कागद लागत नसे, स्वयंपाकघरात कणीक तिंबताना सगळं नाटक त्यांच्या कानावरून गेलेलं असायचं. दारात उभ्या राहून, बाजाराची यादी वाचावी तसं म्हणायच्या, म्हणजे समोरच्याला आपली जागा कळावी एवढ्यापुरतं. त्या दिवशीही तसंच सुरू झालं. मुलगा कबूल करतो की व्यवहार झाला. माई पदराला हात पुसत दारातून दोन पावलं पुढे आल्या. चिकटपट्टीच्या आत आल्या. मंगेशकडे बघून म्हणाल्या, "घर विकलंस ते विकलंस. मला कधी सांगणार होतास? सामान बांधताना?"

आवाज चढवला नव्हता. एखादी बाई खरंच जसं विचारेल तसं विचारलं होतं. मंगेश पुढचं वाक्य विसरला. खुर्चीतल्या नानांनी ते सांगायला हवं होतं, पण नाना संहितेतून मान वर करून आपल्या बायकोकडे बघत राहिले होते. मी शेजारीण, माझा प्रवेश व्हायचा होता, मी जागची हलले नाही. लग्न होऊन या कॉलनीत आल्यापासून मी या बाईच्या हातचं लोणचं खात आले होते आणि तिला पहिल्यांदा बघत होते.

मंगेशला आधी सुचलं. "माई," तो म्हणाला, "तुम्हीच करा ना हे काम."

"मी? अगं बाई!" माई झटकन चिकटपट्टीच्या बाहेर गेल्या. "नको रे बाबा. मी तिकडे उभी राहिले तर चहा कोण करणार?"

सगळे हसले. मीही हसले. कुणीतरी म्हणालं, चहाशिवाय कसलं नाटक. मंगेशही हसला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातली एक मुलगी केसांना पांढरं लावून त्या जागी उभी राहिली. त्या संध्याकाळच्या चहात साखर नव्हती. माई विसरल्या होत्या. सगळ्यांनी तसाच प्यायला, माईंना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.

आता आमच्या लोकांची गंमत सांगते. पंगतीत कुणी नको म्हटलं तर आम्ही त्याचं कधी ऐकतो का? पहिल्या नको-ला मुळीच किंमत नाही. ते म्हणायचंच असतं, ती रीत आहे. दुसऱ्या नको-ला वाढपी थोडा थांबतो, तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवतो. हाच मंगेश, वैशाख पौर्णिमेला माईंच्या घरी खीर खायला आला की आधी हमखास "नको माई, पोट भरलंय" म्हणायचा, आणि माई आग्रह करकरून त्याला तीन वाट्या पाजायच्या. खिरीच्या बाबतीत सगळ्यांना कळायचं ते भूमिकेच्या बाबतीत एकालाही कळलं नाही. माईंनी रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि आम्ही ते ताबडतोब खरं मानलं. सोयीचं होतं ना.

पुढे केव्हातरी मंडळींना उपरती झाली आणि नाना-माईंचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. नाट्यगृहात, प्रयोगाच्या आधी, शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि मग सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेत बसवायचं, म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी एकदा तरी नाटक समोरून बघावं. कल्पना मंगेशची आणि चांगलीच होती. फक्त नानांना विचारायचं राहिलं. नानांनी आजवरचा प्रत्येक प्रयोग विंगेत उभं राहून काढलेला. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, अशा अवस्थेत ते पहिल्या रांगेत परीक्षेला बसल्यासारखे बसले.

पहिल्या अंकाच्या शेवटी मंगेशचा मोठा क्षण होता. बापाची चिठ्ठी वाचायची, मान वर करायची, आणि बोलण्याआधी थांबायचं. त्या थांबण्यावर त्याने फार मेहनत घेतली होती, घरी आरशासमोर वगैरे. तो थांबला. नाट्यगृह चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतून नानांचा खणखणीत आवाज आला, "पण आता उशीर..."

सगळं नाट्यगृह हसलं. मंगेशने वाक्य पुरं केलं, "पण आता उशीर झालाय, दादा," आणि त्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या, पण पडदा पडल्याबरोबर तो रंग न पुसता धावत बाहेर आला. "नाना! तो पॉज होता!"

"असेल," नाना म्हणाले. "तालमीत इतका थांबत नव्हतास. मला वाटलं, गेलं वाक्य."

दुसऱ्या अंकाला नाना पहिल्या रांगेत नव्हते. शाल घडी करून खुर्चीवर, तिच्यावर नारळ, आणि स्वतः विंगेत. माई मात्र बसून राहिल्या. एकट्या. मी प्रेक्षकांत दोन रांगा मागे होते, मला त्यांचा अंबाडा दिसत होता. तो जराही हलला नाही. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "समोरून वेगळंच दिसतं गं, उषा. आपण आतून ऐकतो ते निराळं."

नाना त्या खुर्चीत खुश होते का? मला वाटतं, होते. त्यांना उजेडात उभं राहायचं नव्हतंच. त्यांचं प्रॉम्प्टिंगचं एक तत्त्व होतं, अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही, सुरुवातीचे दोन शब्द द्यायचे, बाकीचं ज्याचं त्याने ओढून काढायचं. एखाद्याचं अडलेलं वाक्य त्या दोन शब्दांवर सुटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या खुर्चीतून त्यांना कुणी उठवलं असतं तर त्यांनी कपाटाला मिठी मारली असती. त्यांना त्या फटीत जागा मिळाली होती. माईंना मात्र स्वयंपाकघर मिळालं होतं, आणि मिळणं आणि वाट्याला येणं यांत किती अंतर असतं हे मला विचारा.

नाना गेल्यावर माई झपाट्याने थकल्या. दुपारी मी त्यांच्या डोक्याला तेल लावायला जायची. एका दुपारी, तेल जिरवता जिरवता, मी उगाच विषय काढला. म्हटलं, "माई, ती शिक्षिका तुम्ही करायला हवी होती. काय बोलला होतात त्या दिवशी!"

माईंनी डोळे मिटलेले होते. "मला करायचीच होती," त्या म्हणाल्या.

माझा हात थांबला. "मग नाही कशाला म्हणालात?"

"अगं, पहिल्यांदा कुणी हो म्हणतं का? बरं दिसतं का ते?" त्यांनी सावकाश माझा हात परत डोक्यावर ठेवला. "चहाचे कप विसळत होते. मनात म्हटलं, मंगेश आत येईल आणि म्हणेल, माई, चहाचं आम्ही बघतो, चला. दहा-बारा कप होते, चांगले घासून घासून विसळले. नाही आला."

मी परत तेल जिरवायला लागले. त्याच पुढे म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे तो. त्याच्या डोक्यात नाही आलं." आणि झोपल्या.

माई गेल्यावर पहिल्याच हंगामाला हॉलला नाना-माईंचं नाव द्यायचा छोटा समारंभ झाला. दोघांचा सत्कारातला फोटो मोठा करून भिंतीवर लावला, नेमका खुर्चीच्या वर. हार, मेणबत्त्या, पेढे. मंगेशला आता टक्कल पडलंय, आवाज मात्र तसाच आहे. तो बोलता बोलता गहिवरला. "या दोघांनी आयुष्यभर दिलं," म्हणाला, "आणि कधी काही मागितलं नाही." टाळ्या झाल्या. माझे हात जोडलेले होते आणि आतून मला इतका संताप आला होता, की त्या मेणबत्त्या विझवून घरी जावंसं वाटलं. मागितलं नाही म्हणे. अरे, चिकटपट्टीच्या आत येऊन म्हटलेल्या त्या वाक्यांनी तिने मागितलं होतं, आणखी कसं मागायचं? पण मेलेल्या माणसाच्या सत्कारात वाद घालता येत नाही. त्याच समारंभात मंगेशने सगळ्यांदेखत नानांची संहिता लावायची लाकडी पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता उषाताई ही परंपरा चालवतील. परत टाळ्या. मी खुर्चीत जाऊन बसले, फोटोखाली. समोर चिकटपट्टी, बाजूला कपाट, डाव्या खिडकीच्या बंद काचेतून माझ्याच घराचा दिवा दिसत होता.

यंदाचं नाटक आमच्यातल्याच एका मास्तरांनी लिहिलंय. घोटीकडची म्हातारी आहे. तिचं गाव धरणात गेलंय, आणि दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती चिखलात आपलं घर शोधत हिंडते. वाचन झालं त्या दिवशी मी खुर्चीत ताठ बसले. मी घोटीची. भाताच्या खाचरांत वाढलेली. माझ्या मावशीचं गाव असंच पाण्याखाली गेलं, आणि मावशी मरेपर्यंत जुन्या गावाचाच पत्ता सांगायची. त्या म्हातारीचं प्रत्येक वाक्य मला वाचायच्या आधी ऐकू येत होतं.

काम वैदेहीला दिलं होतं. गुणी मुलगी, पण शहरात, गंगापूर रोडवर वाढलेली, तिच्या तोंडात ती भाषा बसेना. चिखलात उभ्या असलेल्या नातीला म्हातारी ओरडते तो प्रवेश ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसारखा म्हणायची. मग मंगेश खुर्चीकडे वळून म्हणायचा, "उषाताई, जरा म्हणून दाखवा तिला." आणि मी फटीत बसल्या बसल्या म्हणायची, "पाय काढ पोरी, पाय काढ! चुलीत उभी हायेस तू. हितं माझी चूल व्हती."

वैदेही प्रामाणिकपणे म्हणायची, "तुमच्यासारखं नाही येत मला." आणि तालीम पुढे सरकायची. मी घरी पोळ्या लाटताना ते वाक्य म्हणायची, भाजी आणताना म्हणायची. आमचे हे ऐकत असायचे. एकदा म्हणाले, "मग सांग की मंगेशला."

"त्याला कळेल. तो विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

मी पोळी उलटली.

आणि गेल्या आठवड्यात वैदेहीला मुंबईत मालिका मिळाली. पोरगी रडत रडत सगळ्यांच्या पाया पडून गेली. मंगेश चिकटपट्टीच्या मधोमध खाली बसला, डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याची नजर सरकत सरकत माझ्यापाशी येऊन थांबली.

"उषाताई," तो म्हणाला, "ही भाषा तर तुमचीच. तुम्ही कराल का?"

शपथेवर सांगते, मनात हो होतं. ओठांवर हो आलं होतं. आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, "छे रे, मी कुठली आता! मी इथेच बरी. नानांची जागा सोडून कुठे जाऊ?"

"तेही खरंच," मंगेश म्हणाला. "तुम्ही उठलात तर खुर्ची कोण सांभाळणार?"

सगळे हसले. प्रेमाने हसले. मंगेशने फोन काढला, पंचवटीतल्या कुणा बाईचं नाव घेतलं, नंबर शोधायला लागला. मी संहिता मांडीवर घेऊन वाट बघायला लागले. आता मान वर करेल. आता म्हणेल. माझ्यासमोर सगळे नट उभे होते, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि मला एकदम दिसलं की मी कप विसळते आहे. त्याने फोन कानाला लावला.

"मंगेश, फोन ठेव," मी म्हणाले.

त्याने ठेवला नाही, नुसता कानापासून दूर धरला.

"मला करायचंय ते काम."

"अहो, आत्ता तुम्हीच नाही म्हणालात."

"खीर खाताना तू किती वेळा नाही म्हणायचास? आणि माईंनी कितीदा वाढली तुला?" माझा आवाज चढला होता, पण आता थांबता येत नव्हतं. "त्या शिक्षिकेच्या कामाला माईंना तू एकदाच विचारलंस. त्यांना करायचं होतं ते. मला सांगितलंय त्यांनी. आत कप विसळत तुझी वाट बघत होत्या."

मंगेशने फोन बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला आठवतंय. बिनसाखरेचा चहा." उठला, कुणाची तरी संहिता घेतली आणि माझ्यासमोर धरली.

तेवढ्यात कुणाला तरी व्यवहार सुचला. "पण मग प्रॉम्प्टिंगला कोण?" आणि सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. तिथे स्नेहल उभी होती. यंदाच आलेली, देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून येते, गर्दीच्या प्रवेशात एक वाक्य आहे तिला. सगळे बघताहेत म्हटल्यावर ती घाईघाईने म्हणाली, "मी बसेन ना. चालेल मला."

किती पटकन म्हणाली. तो सूर मी ओळखते. तो माझ्याच घशातला आहे.

"स्नेहल," मी खुर्चीतून उठत विचारलं, "तू कॅम्पातून रोज येतेस ती प्रॉम्प्टिंग करायला?"

"नाही."

"मग कशाला?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "काम करायला," ती म्हणाली. मग थोडं मोठ्याने, "मला गर्दीतच राहू द्या, चालेल. पण उभी राहू द्या."

एक जण चाचरत म्हणाला, "ते सगळं ठीक आहे ताई, पण विसरलो तर सांगणार कोण?"

"पाठ करा," मी म्हणाले.

त्या संध्याकाळपासून खुर्चीवर कुणी बसत नाही. मिलिंदला फोन करून सांगितलं, घरातलं माणूस आहे हॉलमध्ये, फक्त उभं आहे. तो म्हणाला, आईला आवडलं असतं.

म्हातारीचं पहिलंच बोलणं दीड पानाचं आहे. सकाळी भाजी निवडताना म्हणते, दुपारी कपडे वाळत घालताना म्हणते, आणि रोज मधल्याच एका वाक्यापाशी अडते. आमचे हे संहिता घेऊन समोर बसायला तयार आहेत, पण मी बसू देत नाही. वय झालंय, शब्द निसटतात, ऐन प्रयोगात तिथे अडले तर विंगेतून सांगायला कुणी नसेल. मीच तशी व्यवस्था करून ठेवली आहे.